गुरुत्वाकर्षण मूलभूत आहे का? डॉ. पद्मनाभन यांचा अपुरा राहिलेला शोध

चुलीवर ठेवलेले पाणी तापते, याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच साध्या अनुभवावरून युरोपातील विद्वानांमध्ये मोठा वाद पेटला होता. पाणी तापते म्हणजे नेमके काय होते? उष्णता पाण्यात कोठे साठते? ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांचे उत्तर असे होते की, पाणी असंख्य सूक्ष्म कणांचे बनलेले आहे आणि या कणांची धावपळ वाढणे म्हणजेच पाणी तापणे. त्या काळी अणू किंवा रेणू कोणीही पाहिलेला नव्हता. एर्न्स्ट माख, विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारख्या मातब्बरांना ही कल्पना मुळीच रुचत नव्हती. बोल्ट्झमन यांनी १९०६ मध्ये आत्महत्या केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच ज्याँ पेराँ यांच्या प्रयोगांनी अणूंचे अस्तित्व निर्विवाद ठरवले.

पुण्याच्या आयुका या संस्थेतील सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ डॉ. थानू पद्मनाभन आपल्या व्याख्यानांत आणि लेखांत बोल्ट्झमन यांच्या या विचाराचा वारंवार आधार घेत. जी वस्तू तापवता येते तिला सूक्ष्म घटक असलेच पाहिजेत, एवढाच त्या विचाराचा गाभा. पद्मनाभन यांनी तो पाण्याला नव्हे, तर थेट अवकाशाला लावला. रिकामे अवकाशसुद्धा तापते, हे विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात गणिताने दाखवून दिलेच होते. मग अवकाशालाही ‘रेणू’ असले पाहिजेत, आणि ज्याला आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो तो त्या अदृश्य घटकांचा सामुदायिक परिणाम असला पाहिजे, असा त्यांचा दावा होता. १७ सप्टेंबर २०२१ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा या दाव्याचा बराच भाग गणिताने बांधून झाला होता. एक महत्त्वाचा दुवा मात्र राहून गेला होता.

दावा खरा असेल तर त्याचे परिणाम लहानसहान नाहीत. आइनस्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत आणि अणूंच्या जगाचे नियम सांगणारी पुंजयामिकी यांची सांगड घालण्यासाठी जगभरातले शेकडो शास्त्रज्ञ गेली कित्येक दशके झटत आहेत. विद्युतचुंबकीय क्षेत्राचे पुंजीकरण झाले, तसेच गुरुत्वाचेही करता येईल, असे त्यातील पुष्कळ प्रयत्नांत गृहीत धरलेले असते. पद्मनाभन यांचा आक्षेप नेमका या गृहीतकावर होता. समुद्राच्या लाटेचे समीकरण कितीही बारकाईने अभ्यासले, तिचे पुंजीकरणही केले, तरी त्यातून पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो हे कधीच निष्पन्न होणार नाही. लाट ही रेणूंच्या समुदायाची गोष्ट आहे, एकट्या रेणूची नव्हे. गुरुत्वाचेही असेच असेल, तर इतके दिवस चुकीच्या दारावर थाप मारणे चालू आहे, असा त्याचा अर्थ होतो.

पद्मनाभन मूळचे केरळचे. १० मार्च १९५७ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचा जन्म झाला. तेथीलच युनिव्हर्सिटी कॉलेजात बी.एस्सी.चे विद्यार्थी असताना, वयाच्या विसाव्या वर्षी, व्यापक सापेक्षता सिद्धांतावरील त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९७९ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. गोव्याच्या मातीत जन्मलेले दामोदर कोसंबी यांनी गणितज्ञ म्हणून जेथे वर्षानुवर्षे काम केले, तीच ही संस्था. तेथे डॉ. जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली पद्मनाभन यांनी पीएच.डी. केली. मराठी वाचकाला नारळीकरांची ओळख करून देण्याची गरज नाही. पण विज्ञानकथालेखक नारळीकरांच्या लोकप्रियतेमागे मार्गदर्शक नारळीकर काहीसे झाकले जातात, हेही खरे. गुरुशिष्यांनी मिळून १९८६ मध्ये गुरुत्व आणि पुंज-विश्वरचनाशास्त्र या विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात आयुका स्थापन केली, नारळीकर तिचे पहिले संचालक झाले आणि १९९२ मध्ये पद्मनाभनही मुंबई सोडून तेथे दाखल झाले. अखेरपर्यंत पुणे हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

त्या काळात भारतातील गुरुत्व-संशोधन नुकतेच स्वतःच्या पायांवर उभे राहत होते. गुरुत्व आणि विश्वरचनाशास्त्र यांवरील आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९८७ मध्ये भरली ती गोव्यात. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळून तेव्हा जेमतेम सहा-सात महिने झाले होते. राज्याच्या त्या पहिल्या वर्षाच्या आठवणी निघतात तेव्हा राजकारणच अधिक बोलले जाते, म्हणून ही नोंद.

आता मूळ विषयाकडे. न्यूटनच्या मते गुरुत्वाकर्षण हे दोन वस्तूंमधील ओढ होती. आइनस्टाइनने १९१५ मध्ये ही ओढच काढून टाकली. वस्तुमान आपल्या भोवतालच्या अवकाश-काळाला वक्रता देते आणि त्या वक्र अवकाशात वस्तू आपापल्या सरळात सरळ मार्गाने जातात, असे त्याचे म्हणणे. पुढल्याच वर्षी कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांची एक अचूक उकल काढली. पुरेसे वस्तुमान पुरेशा लहान जागेत दाबले, तर त्याभोवती अशी एक सीमा तयार होते की तिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही, हा तिचा अर्थ पूर्णपणे उलगडायला मात्र पुढची कित्येक दशके जावी लागली. ही सीमा म्हणजे घटना क्षितिज आणि आतला प्रदेश म्हणजे कृष्णविवर. सूर्याचे कृष्णविवर करायचे तर तो सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत दाबावा लागेल. पृथ्वीच्या बाबतीत ही त्रिज्या ९ मिलिमीटर भरते. म्हणजे मुलांच्या खेळातल्या गोटीएवढ्या जागेत सगळे डोंगर, समुद्र आणि महानगरे.

कृष्णविवरात टाकलेली वस्तू परत येत नाही. यावरून अमेरिकेचे जॉन व्हीलर यांनी आपला विद्यार्थी जेकब बेकेनस्टाइन याला एक खोडकर प्रश्न विचारला होता. गरम चहाचा पेला गार चहाच्या पेल्याजवळ ठेवला की दोन्ही कोमट होतात आणि विश्वातली अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, वाढते. हा गुन्हा लपवण्यासाठी दोन्ही पेले कृष्णविवरात टाकून दिले, तर पुरावाच नाहीसा होईल ना? एन्ट्रॉपी कधी कमी होत नाही, असे उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो. पेले गिळल्यावर कृष्णविवर बाहेरून पूर्वीसारखेच दिसणार असेल, तर हा नियम मोडला. बेकेनस्टाइनने १९७२-७३ मध्ये उत्तर दिले: पुरावा नाहीसा होत नाही. पेले आत पडले की क्षितिजाचे क्षेत्रफळ वाढते आणि ते क्षेत्रफळ हीच कृष्णविवराची एन्ट्रॉपी.

स्टीफन हॉकिंग यांना आरंभी हे पटले नाही. एन्ट्रॉपी असेल तर तापमान हवे, आणि तापमान असेल तर कृष्णविवरातून उष्णता बाहेर पडायला हवी. ज्यातून काहीच बाहेर पडत नाही त्यातून ती कशी पडेल? परंतु १९७४ मध्ये पुंजक्षेत्रांचे नियम कृष्णविवराभोवती लावून पाहिले तेव्हा हॉकिंग यांनाच ती उष्णता गणितात सापडली. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवरासाठी हे तापमान नगण्य आहे. एका केल्विनचे सुमारे १ कोटी ६० लाख भाग केले तर त्यांतला एक भाग. सगळ्या आकाशात भरून राहिलेले आदिप्रारण २.७ केल्विनचे, म्हणजे त्यापुढे कितीतरी उष्ण. त्यामुळे हॉकिंग प्रारण दुर्बिणीतून कोणाला दिसलेले नाही आणि नजीकच्या काळात दिसण्याची आशाही नाही.

पद्मनाभन यांच्या विचाराची खरी सुरुवात यानंतरच्या पायरीवर होते. पॉल डेव्हिस आणि विल्यम अनरुह यांनी १९७५-७६ मध्ये दाखवले की, असे तापमान मिळवायला कृष्णविवराची गरजच नाही. अगदी रिकाम्या, सपाट अवकाशातून एखादे यान सतत वेग वाढवत धावत असेल, तर त्यातल्या तापमापकाला ती पोकळी उबदार लागेल. शेजारून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या यानाला मात्र तीच पोकळी शून्य अंश केल्विनची दिसेल.

हे विचित्र वाटते; पण त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. सतत वेग वाढवणाऱ्या यानाच्या मागून, पुरेशा अंतरावरून, प्रकाशाचा किरण सोडला तर तो यानाला कधीच गाठू शकत नाही. यान प्रकाशाहून हळूच जात असते, तरीही अंतर मिटत नाही. म्हणजे या यानापुरते पाहिले तर त्याच्या मागे एक क्षितिज आहे आणि क्षितिजापलीकडची कोणतीही बातमी त्याला मिळणार नाही. पृथ्वीवरील गुरुत्वाइतक्या त्वरणाने सतत धावणाऱ्या यानामागे असे क्षितिज सुमारे एक प्रकाशवर्ष अंतरावर असते. आता पुंजक्षेत्रांच्या भाषेत पोकळी म्हणजे काहीच नसणे नव्हे. तिथेही क्षेत्रांची सूक्ष्म स्पंदने चालू असतात आणि जवळच्या दोन बिंदूंवरील स्पंदने एकमेकांशी बांधलेली असतात. सगळे एकत्र पाहता आले तर हिशेब चोख जुळतो, पोकळी शांत दिसते. परंतु मध्ये क्षितिज आले की जोडीतला एक जोडीदार पलीकडे राहतो. अलीकडच्या जोडीदाराची हालचाल मग निव्वळ यादृच्छिक वाटते. आणि यादृच्छिक हालचाल म्हणजेच उष्णता. माहितीचा एक भाग हातचा गेला की त्याची किंमत तापमानाच्या रूपाने मोजावी लागते.

अर्थात हा परिणाम अतिशय क्षीण आहे. एक केल्विन तापमान जाणवायला पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २५ अब्ज अब्ज पट त्वरण लागेल. पण मुद्दा किती आहे हा नाही. आहे की नाही, हा आहे. अवकाशातल्या कोणत्याही बिंदूपाशी असा एखादा प्रवासी कल्पिता येतो. म्हणून क्षितिज ही कृष्णविवराची खासगी मालमत्ता उरत नाही. अवकाशाचा प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या निरीक्षकासाठी तप्त आहे. बोल्ट्झमनचा प्रश्न येथे पुन्हा दार ठोठावतो: तप्त आहे, तर त्यात धावपळ करणारे घटक कोणते?

उष्णता आणि गुरुत्व यांचे नाते पद्मनाभन यांना दुसऱ्या बाजूनेही परिचित होते. गुरुत्वाने बांधलेल्या समुदायांचे, म्हणजे तारकागुच्छ आणि दीर्घिका यांचे, सांख्यिकी त्यांनी बारकाईने अभ्यासले होते. १९९० मध्ये त्यावर त्यांनी लिहिलेला विस्तृत आढावा आजही संदर्भासाठी उघडला जातो. या समुदायांचे वागणे स्वयंपाकघरातल्या अनुभवाच्या नेमके उलट असते. चुलीवरून उतरवलेले पातेले उष्णता गमावते आणि गार होते. तारकागुच्छ ऊर्जा गमावतो तेव्हा आक्रसतो, त्यातले तारे अधिक वेगाने धावू लागतात आणि तो आणखी ‘तापतो’. कृष्णविवरही असेच: प्रारणाने वस्तुमान घटत गेले की त्याचे तापमान चढत जाते. एवढ्या दोन टोकांच्या गोष्टींत हे साम्य निघावे, हा योगायोग मानायचा की खूण मानायची, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून. पद्मनाभन यांचा कल स्पष्ट होता.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या टेड जेकबसन यांनी एक लहानसा पण फार गाजलेला निबंध लिहिला. प्रत्येक बिंदूपाशी असलेल्या या क्षितिजांवर तीन गोष्टी गृहीत धरा, असे त्यांनी म्हटले: तापमान त्वरणाच्या प्रमाणात, एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात, आणि आत शिरणारी उष्णता भागिले तापमान म्हणजे एन्ट्रॉपीतील वाढ. तिसरी गोष्ट तर बारावीच्या पुस्तकातली. या तीन गोष्टींतून आइनस्टाइनचे समीकरण आपोआप बाहेर पडते. दहा वर्षांच्या अविरत बौद्धिक कष्टांनंतर आइनस्टाइनला जे गवसले, ते वाफेच्या इंजिनाच्या शास्त्रातून काही पानांत निघावे, हे थक्क करणारे होते.

पद्मनाभन यांनी २००२ मध्ये उलट्या दिशेने प्रवास केला. आइनस्टाइनची समीकरणे आधी घेतली आणि क्षितिजाच्या अगदी जवळ त्यांचे रूप काय होते ते पाहिले. त्या समीकरणांतले एक पद तापमान गुणिले एन्ट्रॉपीतील बदल असे वाचता येते, दुसरे ऊर्जेतील बदल असे, तिसरे दाब गुणिले घनफळातील बदल असे. सिलिंडरमधल्या वायूसाठी जे समीकरण विद्यार्थी पाठ करतात तेच हे. भूमितीच्या वेषात उष्मागतिकी लपून बसली होती, असे म्हणता येईल.

एकच उदाहरण असते तर शंकेला जागा राहिली असती. आइनस्टाइनचा सिद्धांत हा एका मोठ्या कुटुंबाचा सर्वांत साधा सदस्य आहे. चारहून अधिक मितींमध्ये त्याचे गुंतागुंतीचे भाईबंद संभवतात, आणि डेव्हिड लव्हलॉक यांनी १९७१ मध्ये त्यांची पद्धतशीर मांडणी केली होती. या कुटुंबात एन्ट्रॉपी नुसत्या क्षेत्रफळाइतकी नसते, तिचे सूत्रच बदलते. पद्मनाभन यांनी असीम परांजपे आणि सुदीप्त सरकार यांच्यासह २००६ मध्ये दाखवून दिले की, सूत्र बदलले तरी उष्मागतिकीशी असलेले नाते तुटत नाही. त्यांच्या एकूण कामातला सर्वांत ठोस भाग बहुधा हाच. साम्य जर केवळ अपघाताने आले असते, तर सिद्धांत बदलताच ते विरून जायला हवे होते.

पुढची पायरी अधिक धाडसाची. वायूच्या प्रत्येक घटकाच्या वाट्याला तापमानानुसार ऊर्जेचा ठरावीक हिस्सा येतो, हा समविभाजनाचा नियम बोल्ट्झमन यांच्याच काळातला. एकूण ऊर्जा आणि तापमान माहीत असेल तर या नियमाने घटकांची संख्या काढता येते. घटक डोळ्यांनी पाहावे लागत नाहीत. डिसेंबर २००९ मध्ये पद्मनाभन यांनी हाच हिशेब गुरुत्वाला लावला. उत्तर आले ते असे: एखाद्या बंद पृष्ठभागावरील घटकांची संख्या त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते आणि प्लँक लांबीच्या वर्गाएवढ्या तुकड्यामागे साधारण एक घटक पडतो. प्लँक लांबी म्हणजे मीटरचा इतका लहान अंश की दशांशचिन्हानंतर ३४ शून्ये लिहावी लागतात. या मापाने एक चौरस सेंटिमीटर जागेत ४ वर ६५ शून्ये इतके घटक बसतात. भांड्यातल्या वायूत घटकांची संख्या घनफळावर ठरते. येथे ती क्षेत्रफळावर ठरते, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

जेमतेम महिनाभराने, जानेवारी २०१० मध्ये, नेदरलँड्सचे एरिक व्हर्लिंड यांनी गुरुत्व हे एन्ट्रॉपीतून उपजणारे बल आहे, अशी मांडणी केली. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी ती उचलून धरली आणि जगभर चर्चा झाली ती व्हर्लिंड यांच्या नावाने. दोघांची मांडणी एकच होती असे नव्हे. तपशिलात बरेच अंतर आहे. त्यांच्याही आधी, १९६७ मध्ये, रशियाचे आंद्रेई सखारोव यांनी गुरुत्वाची तुलना घन पदार्थाच्या लवचिकतेशी केली होती. तरीही पुण्यातून वर्षानुवर्षे सलगपणे चाललेल्या या कामाला सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचायला जो वेळ लागला, त्याचे कारण केवळ विषयाची क्लिष्टता हे नव्हते. शास्त्रज्ञांच्या वर्तुळात मात्र त्यांची उपेक्षा झाली नाही. २००७ मध्ये पद्मश्री, २००८ मध्ये अमेरिकेच्या ग्रॅव्हिटी रिसर्च फाउंडेशनच्या निबंध स्पर्धेत पहिले पारितोषिक, २००९ मध्ये इन्फोसिस पुरस्कार, असे मान त्यांना मिळत गेले.

या सगळ्या खटाटोपाचा व्यवहारात उपयोग काय, असा प्रश्न येतोच. पद्मनाभन यांच्यापुरते एक उत्तर होते: पोकळीचे वजन. १९९८ मध्ये दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या निरीक्षणांतून असे आढळले की, विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे. आइनस्टाइनने एके काळी आपल्या समीकरणात घातलेला आणि नंतर काढून टाकलेला विश्वस्थिरांक त्यामुळे परत आला. हा स्थिरांक म्हणजे रिकाम्या पोकळीतली ऊर्जा, असे मानायचे तर पुंजक्षेत्रांच्या सिद्धांतावरून तिचा अंदाज करता यायला हवा. तो अंदाज निरीक्षणापेक्षा सुमारे १२० शून्यांनी मोठा निघतो. भौतिकशास्त्राच्या इतिहासात एवढी चुकलेली बेरीज दुसरी नसावी. पद्मनाभन यांनी २००३ मध्ये याच विषयावर लिहिलेला प्रदीर्घ आढावा त्यांच्या सर्वाधिक उद्धृत लेखनापैकी आहे.

त्यांनी सुचवलेला मार्ग असा. टेबलाची उंची जमिनीपासून मोजा किंवा समुद्रसपाटीपासून. टेबलावरून पडलेला पेला तेवढाच फुटतो. गुरुत्व सोडून बाकी सगळ्या भौतिकशास्त्रात ऊर्जेचेही असेच आहे. शून्य कोठे मानले याला महत्त्व नसते, फरकाला असते. एकटे गुरुत्वच तेवढे शून्याच्या जागेबद्दल हटून बसते, कारण आइनस्टाइनच्या सिद्धांतात ऊर्जेचा प्रत्येक कण अवकाशाला वाकवतो. पद्मनाभन म्हणत की, खोट तेथेच आहे. गुरुत्वाची समीकरणे उष्मागतिकीच्या वाटेने काढली, तर ती शून्याच्या जागेबाबत उदासीन राहतात. पोकळीतली प्रचंड ऊर्जा मग अवकाशाला वाकवीत नाही आणि विश्वस्थिरांक वेगळ्याच वाटेने, गणितातला एक न ठरलेला आकडा म्हणून, प्रवेश करतो. तो आकडा नेमका एवढाच का, याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न त्यांनी आपली कन्या, खगोलभौतिकशास्त्रज्ञ हंसा पद्मनाभन यांच्यासह केला. तो प्रयत्न अभिनव आहे. सर्वमान्य झालेला नाही.

२०१२ मध्ये त्यांनी विश्वाच्या प्रसरणालाच या हिशेबात बसवले. विश्वाच्या क्षितिजावरील घटकांची संख्या आणि आतल्या घनफळातील पदार्थांशी जोडलेल्या घटकांची संख्या या दोन्ही समान नाहीत. ही तफावत जेवढी, तेवढ्या गतीने नवे अवकाश निर्माण होते. तफावत मिटली की प्रसरणाची गती स्थिरावते. या एका ओळीच्या समीकरणातून विश्वरचनाशास्त्राची नेहमीची समीकरणे पुन्हा मिळतात.

आक्षेपही आहेत आणि ते हलके नाहीत. जुनेच समीकरण नव्या वाटेने काढले म्हणजे वाट खरी ठरते असे नाही. उष्मागतिकीशी असलेले साम्य हे समीकरणांच्या अंगभूत सममितीतून येत असेल, त्यामागे सूक्ष्म घटक असलेच पाहिजेत असे कोठे आहे, असे टीकाकार विचारतात. आणि सर्वांत अडचणीचा प्रश्न म्हणजे, हे घटक आहेत तरी काय? पद्मनाभन यांनी त्यांची संख्या सांगितली, स्वरूप सांगितले नाही. या बाबतीत इतर वाटांनी जाणारे काही पावले पुढे आहेत. शिरपूर येथे जन्मलेले डॉ. अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइनस्टाइनचा सिद्धांत नव्या चलांत मांडला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वलय-पुंजगुरुत्वात क्षेत्रफळाचे सुटे तुकडे गणितातूनच निघतात. पण तो मार्ग गुरुत्वाच्या पुंजीकरणाचा, म्हणजे पद्मनाभन यांना ज्याविषयी शंका होती तोच. महाराष्ट्रातून पुढे आलेल्या या दोन विचारधारा एकाच क्षेत्रफळापाशी येऊन पोहोचतात, हे मात्र विलक्षण आहे.

स्वरूप माहीत नसताना पुढे जाण्यात गैर काही नाही, असे पद्मनाभन यांच्या बाजूने म्हणता येते. सादी कार्नो यांनी वाफेच्या इंजिनाची मर्यादा १८२४ मध्ये शोधली, तेव्हा रेणू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते.

प्रयोगाच्या पातळीवर या विचारांची कसोटी अवघड असली, तरी सगळेच काळोखात आहे असे नाही. कृष्णविवरांच्या टकरीत एकूण क्षितिज-क्षेत्रफळ कमी होता कामा नये, हे हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले होते. बेकेनस्टाइनची एन्ट्रॉपीची कल्पना त्यावरच उभी आहे. १४ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी अशाच एका टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी आजवरच्या सर्वाधिक स्पष्टतेने टिपल्या. टकरीपूर्वी दोन्ही कृष्णविवरांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी. टकरीनंतरच्या एकाच कृष्णविवराचे ते सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर भरले. वाढ झाली, घट नाही. याच प्रकारची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली असून तिच्या उभारणीत आयुकाचा सहभाग आहे.

उरलेल्या दुव्याकडे पद्मनाभन यांनी अखेरच्या वर्षांत पुन्हा लक्ष वळवले होते. प्लँक लांबीपेक्षा लहान अंतराला काही अर्थच नसतो, ही त्यांची १९८५ मधील कल्पना. दावूद कोठावाला यांच्यासह २०१४ मध्ये त्यांनी ती अवकाशाच्या भूमितीत गुंफली. एका बिंदूभोवतीचा गोल लहान लहान करत नेला तर सामान्य भूमितीत त्याचे घनफळ आणि पृष्ठफळ दोन्ही शून्य होतात. त्यांच्या गणितात घनफळ शून्य होते, पण पृष्ठफळ थोडेसे शिल्लक राहते. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूपाशी उरणारा तो चिमुकला पृष्ठभाग म्हणजेच शोधत असलेला घटक की काय, याचा तपास त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी आज वेगवेगळ्या संस्थांत करत आहेत.